घारापुरी : दोन रात्री गाडीत, एक दिवस बेटावर (सोलापूरहून, एकटीने, पायी)

तळ्याकाठची | रविवार, रात्री ९:४०

गड्डा (आमची संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा) उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घर दरवर्षीसारखं ओकंबोकं वाटायला लागलं. या वर्षी त्याच आठवड्यात मी घारापुरीला जाऊन आले. एकटी गेले. रात्री साडेदहानंतर सोलापूर स्टेशनावर सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसले, सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला उतरले, दिवसभर बेट पायी फिरले आणि रात्री परतीच्या सिद्धेश्वरमध्ये येऊन झोपले. लॉजची भानगड नाही, कुणाकडे उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला कारखान्यात हिशेबाला हजर.

सविस्तर लिहितेय ते एका कारणासाठी. माझ्या ओळखीतले जे जे घारापुरीला गेले ते गुंफा बघून दोन तासांत माघारी फिरले. विचारलं तर म्हणतात, पायऱ्या आहेत, माकडं आहेत. अहो, तिथे दोन डोंगर आहेत, तीन गावं आहेत, स्तूप आहे, तोफा आहेत, आणि हजाराच्या आसपास माणसं पिढ्यान्‌पिढ्या नांदतायत. हे बेट चालून बघायचं आहे, आणि सोलापूरच्या माणसाला ते एका दिवसात जमतं.

मी बाळीवेशीत वाढले. लहानपणापासून मला बेट म्हणजे एकच ठाऊक, तळ्यातलं सिद्धरामेश्वरांचं देऊळ. चारी बाजूंनी पाणी आणि मधे देव. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला, तोही लग्नाच्या वऱ्हाडातून चौपाटीपुरता. वय आता एकोणपन्नास. घरचे "एकटी कशाला" म्हणाले, पण अडवलं नाही.

सीएसएमटीला बायकांच्या वेटिंग रूममध्ये तोंडबिंड धुतलं, चहा घेतला आणि चालत निघाले. हुतात्मा चौक, काळा घोडा करत अर्ध्या-पाऊण तासात गेटवे. सकाळी त्या रस्त्याला गर्दी नसते, चालायला छान वाटतं. गेटवेपाशी एकाने अडवलं. "गाईड घेतल्याशिवाय बेटावर सोडत नाहीत," म्हणाला आणि तिकिटाबरोबर गाईडचे पैसे मागायला लागला. साफ खोटं. गाईड घ्यायचा की नाही, ही आपली मर्जी. मी खिडकीवर जाऊन लाँचचं जायचं-यायचं तिकीट काढलं. पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, तीच धरा. आणि सोमवारी गुंफा बंद असतात, तेवढा वार सोडून रिझर्वेशन करा.

लाँचला तासभर लागतो, अंतर दहा-अकरा किलोमीटर. सगळ्यांना लाइफ जॅकेट दिली. माझ्या जॅकेटचा एक बंद तुटलेला होता, तो खलाशाला दाखवून मी दुसरं मागून घेतलं. कुरव पक्षी लाँचच्या मागे मागे, हाताच्या अंतरावर उडत होते. नौदलाच्या करड्या बोटी गेल्या, मग तेलाची जहाजं, मग दूरवर अटल सेतूची रेघ. आणि त्यानंतर धुरकट हवेतून दोन उंचवटे वर आले, मधे खोलगट भाग. हीच घारापुरी. तिथून उतरेपर्यंत मी बसले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. धक्का लांबलचक आहे आणि त्याच्यावरून एक छोटी आगगाडी माणसं नेते. तिकडे न वळता मी चालत गेले, ते बरं झालं. दोन्ही बाजूंना काळा, चकचकीत चिखल आणि खारफुटीची झाडं. चिखलात बोटभर लांबीचे मासे पंखांवर रेलून सरपटत होते, मधूनच उडी मारत होते. पाण्याबाहेर चालणारा मासा मी पहिल्यांदा पाहिला. दहा मिनिटं तिथेच उभी होते. जाळं घेऊन चाललेल्या एका मुलाने नाव सांगितलं, निवटी.

पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दुतर्फा दुकानं, वर निळ्या ताडपत्र्या. त्यामुळे ऊन लागत नाही.

आता मोठी गुंफा. दारातून आत गेल्यावर मिनिटभर काहीच दिसत नाही. मग खांब दिसायला लागतात आणि त्या खांबांच्या शेवटी, दक्षिणेच्या भिंतीत, सदाशिव. तीन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तर जेवढी होतील तेवढी उंची. फोटोत त्याला सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फोटोत कळत नाही ते हे, की मधला चेहरा खालच्या ओठापाशी जड आहे, झोपेतल्या माणसासारखा. डावीकडच्याला मिशा आहेत, हातात नाग आहे, भुवई चढलेली आहे. उजवीकडचा बाईसारखा नाजूक, हातात कमळ. लोक समोर येतात, फोटो काढतात, जातात. मी खांबाला टेकून खाली बसले. साधारण वीस मिनिटांनी पूर्वेकडच्या चौकातून उजेड सरकला आणि मिशीवाल्याच्या गालावर सावली पडली. तेव्हा तो खरोखर रागावलेला वाटला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी शिव-पार्वतीच्या लग्नाच्या पटापुढे काढला. कल्याणसुंदर म्हणतात त्याला, पश्चिमेकडे आहे. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला उभी आहे, म्हणजे लग्न अजून लागायचं आहे. बाप मागून तिला हलकेच पुढे आणतोय. ब्रह्मदेव भटजी होऊन खाली बसलाय. पाय सगळ्यांचेच तुटलेत, हातही गेलेत. पण पार्वतीची मान जराशी झुकलेली आहे आणि तेवढी शाबूत राहिली आहे. लग्नात नवरीची मान जशी झुकते, अगदी तशी.

सोलापूरची माणसं हे वाचतायत म्हणून सांगते. संक्रांतीच्या वेळी सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा आपण सगळे "सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्" ऐकत तांदूळ टाकतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न. नवरा दंडाच्या रूपात, नवरी तर दिसतच नाही. चाळीस वर्षं मी त्या लग्नाला जातेय आणि त्या लग्नाला चेहरा नाही. पंधरा दिवसांपूर्वी हातातून पडलेल्या अक्षता आठवल्या आणि त्या दगडातल्या मुलीच्या झुकलेल्या मानेपुढे मला रडू आलं. कुणाला काय वाटेल याचा विचार तेव्हा मनात आला नाही.

गुंफेतून निघाले तेव्हा साडेबारा. बाहेर झाडाखाली डबा काढला. धपाटे, शेंगा चटणी, दही. माकडाने धपाट्यांचं फडकं गाठीसकट नेलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. चटणीचा पुडा आणि दही तेवढं वाचलं. खाणं उघड्यावर काढूच नका, दुकानात बसून खा. मग एका टपरीवर तांदळाची भाकरी मिळाली आणि तिच्याबरोबर आपली शेंगा चटणी खाल्ली. टपरीवाल्या वहिनींनाही वाढली. तिखट आहे म्हणाल्या, पण पुन्हा मागून घेतली.

त्यानंतर तोफांचा डोंगर. पश्चिमेकडचा, उंच तो. चढ अंगावर येत नाही पण दुपारचं ऊन असतं, पाणी दोन लिटर हवंच. वर ब्रिटिशांच्या काळातल्या दोन भल्यामोठ्या तोफा आहेत. तिथून एका बाजूला न्हावा-शेव्याच्या क्रेन, एका बाजूला अटल सेतू, आणि मधे सगळं बंदर. जहाजं नांगर टाकून उभी, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. प्रवाहामुळे तसं होतं, असं तिथल्या एका गुराख्याने सांगितलं.

दुपारनंतर पूर्वेकडचा डोंगर घेतला. खाली लहान गुंफांची ओळ आहे, अर्धवट कोरलेल्या, एकीत पाणी साठलेलं. त्यापुढे घळ उतरून पलीकडे सीताबाईची गुंफा, आणि वरच्या अंगाला विटांचा जुना स्तूप. शिवाच्या या गुंफा साधारण सहाव्या शतकातल्या, आणि स्तूप त्याच्याही कितीतरी शतकं आधीचा, इसवी सनापूर्वीचा मानतात. म्हणजे हे बेट आधी बौद्धांचं. स्तूप आता मातीच्या उंचवट्यासारखा दिसतो. वरच्या गवतातून मधूनमधून वीट डोकावते. इथे मला दुसरं माणूस भेटलं नाही.

आणि इथेच चुकले. पाचोळ्याने वाट झाकली होती, मी उतरत गेले आणि समोर खारफुटी आली. चार वाजून गेले होते. साडेपाचच्या आसपास शेवटची लाँच असते आणि पर्यटकांना बेटावर रात्री राहू देत नाहीत. पोटात गोळा आला, खरंच सांगते. हाका मारल्या. थोड्या वेळाने डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एक आजी वरून आल्या. "कुठं चाललीस गो बाय, पुढं पाणी हाय," म्हणाल्या आणि मोळीसकट मला परत वाटेला लावून गेल्या. त्यांच्या मागून चालताना लक्षात आलं, पायात काही नव्हतं त्यांच्या. पैसे घेतले नाहीत. मी उरलेला चटणीचा पुडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वास घेऊन विचारलं, कुठली? सोलापूरची म्हटल्यावर म्हणाल्या, "चादरीचं सोलापूर ना? माझ्या घरी हाय तुमची चादर."

मोराबंदर हे बेटावरचं गाव बघायचं राहिलं. शेवटच्या आधीची लाँच मिळाली.

खर्च : गाडीचं स्लीपरचं जायचं-यायचं, लाँच, प्रवेशफी, ग्रामपंचायतीचा कर, चहापाणी, सगळं धरून दीड हजाराच्या आत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

---

बाराबंदी | सोमवार, सकाळी ६:५५

काय लिहिलाव ताई! सकाळी चहाच्या आधी वाचलो, मग मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवलो. अक्षतांचं वाचताना त्यांचा आवाज येईना झाला.

मी स्वतः तीस वर्षं नंदीध्वजाच्या मिरवणुकीत बाराबंदी घालून चालतोय. नंदीध्वजांच्या सात काठ्या तळ्याकाठनं जाताना पाण्यात पडछाया पडते, ती तुम्ही बघितलाव असालच. तळ्याबद्दल एक घालतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन ते तळं खोदवलं आणि नगरात अडुसष्ट लिंगं स्थापन केली. आपल्या देवळाभोवतीचं पाणी माणसांनी घामानं आणलेलं आहे. म्हणून बेट म्हटल्यावर तुम्हाला आधी ते देऊळ आठवलं, हे योग्यच झालं.

---

जुळेसोलापूरची | सोमवार, दुपारी १:२०

ताई, मी २६ वर्षांची आहे, एका दवाखान्यात काम करते. खूप दिवस असं एकटीने जायचं मनात आहे. काही प्रश्न आहेत, प्लीज स्पष्ट सांगा.

बेटावर बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? डोंगरावर एकटं फिरताना भीती वाटली का? फोनला रेंज होती का? आणि डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीला जो अपघात झाला, त्यात माणसं गेली, ते आईच्या डोक्यातून जात नाही. तिला काय सांगू?

वंदे भारतने गेलं तर चालेल का?

---

तळ्याकाठची | सोमवार, रात्री १०:०५

@बाराबंदी काका, पडछाया बघितलीय तर! तुमच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा.

@जुळेसोलापूरची, एकेक सांगते. स्वच्छतागृह धक्क्याकडे आहे आणि वर गुंफांपाशी आहे. डोंगरावर कुठेही नाही, त्यामुळे गुंफांपासून निघतानाच जाऊन ये. पाणी कमी प्यायचं असलं खुळ मात्र करू नकोस, उन्हाने चक्कर येते.

भीतीचं विचारलंस. तोफांच्या डोंगरावर अजिबात नाही, माणसं येत-जात असतात. स्तूपाच्या बाजूला वाटली, आणि ती वाट चुकल्यामुळे, माणसांमुळे नाही. मी आता पुन्हा गेले तर त्या बाजूला सकाळीच जाईन, किंवा गावातल्या कुणाला तरी सोबत घेईन. तूही तसंच कर. ही एवढी गोष्ट मी चुकीची केली. रेंज बहुतेक ठिकाणी होती, घळीत गेली.

बोटीचं. आईची काळजी खरी आहे, तिला खोटा दिलासा देऊ नकोस. जॅकेट अंगात घालून, सगळे बंद नीट बांधून बसायचं, मांडीवर ठेवायचं नाही. माणसं जास्त भरलेली दिसली तर ती लाँच सोडून पुढची घ्यायची, तिकीट तेच चालतं. वारा जास्त असेल त्या दिवशी जायचंच नाही. पावसाळ्यात तर विचारही नको. एवढं तिला सांग आणि त्याप्रमाणे वाग.

वंदे भारत सकाळी सहानंतर सोलापूर सोडते आणि मुंबईला पोचेपर्यंत दुपारचे साडेबारा होतात. बेटासाठी उशीर झाला. सिद्धेश्वरच बरी.

---

दगडफूल | मंगळवार, सकाळी ११:३०

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते आग्रहाने मांडतो.

मी मूर्तिशास्त्र शिकलोय. मोठ्या गुंफेला दोन-अडीच तास देऊन तोफांकडे जाणं मला पटत नाही. लग्नाच्या पटाच्या समोरच्या बाजूला अंधकासुरवध आहे, तो पाहिलात का? तोंडातून सुळे बाहेर आलेला शिव. लग्न आणि वध, मधे चार दारांचं गर्भगृह, आठ भव्य द्वारपाल. शिल्पकाराने तुम्हाला मधे उभं करून दोन्हीकडे बघायला लावलंय. उत्तरेच्या दारातही तसंच. एका अंगाला नाचणारा नटेश, दुसऱ्या अंगाला निश्चल बसलेला योगीश्वर. सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. या जोड्या कळायला एक दिवसही कमी पडतो. १९८७ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला तो या गुंफांना. तोफा काय, कुठल्याही किल्ल्यावर दिसतात.

आणखी एक, सोलापूरकरांना आवडेल असं. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी मिळालीत, म्हणून बरेच अभ्यासक मोठी गुंफा त्या काळातली, सहाव्या शतकातली मानतात. पुढे सहाशे वर्षांनी सिद्धरामेश्वरांच्या काळात कल्याणीला बिज्जल राज्य करत होता, तोही स्वतःला कलचुरीच म्हणवायचा. ही घराणी थेट एक नाहीत, शाखा वेगळ्या. पण नाव तेच, आणि दोन्ही ठिकाणी शिव तोच.

---

तळ्याकाठची | मंगळवार, रात्री ९:१५

@दगडफूल, अंधकासुरवध पाहिला, पण लग्नाच्या पटावरून नजर हलेना म्हणून त्याला पाठ करूनच बसले होते. दोन्ही समोरासमोर आहेत हे तुम्ही सांगितल्यावर आत्ता ध्यानात आलं. पुन्हा जाईन तेव्हा मधे उभी राहून बघेन.

तोफांबद्दल मात्र माझं म्हणणं तेच राहील. गुंफा ज्या दगडात कोरल्यात तो डोंगर पायाखाली यायला हवा. आपल्या भुईकोटाचा जो काळा दगड, तोच तिथला. वरून बंदर दिसलं तेव्हा कळलं की हे बेट का निवडलं असेल. चारी बाजूंनी गलबतं येणार-जाणार आणि मधे हा डोंगर. गुंफेत बसून हे मला कळलं नसतं. तुमच्या अभ्यासाला गुंफा पुरते, मला ती जागाही हवी होती.

---

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी ८:१०

नमस्कार. मी उरण तालुक्यातला. माझी आत्या शेतबंदरला दिलेली, त्यामुळे लहानपणचे निम्मे मे महिने घारापुरीत गेले. तुमच्या धाग्याची लिंक भावाने पाठवली. बेटावरच्या माणसांबद्दल कुणी लिहितच नाही, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहितो.

गावं तीन : शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. आमच्या उरणच्या मोरा बंदराशी घोटाळा करू नका. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडली तर उरणला उतराल, घारापुरीला नाही. दरवर्षी कुणी ना कुणी असा फसतो.

बेट मुंबईच्या डोळ्यासमोर, पण जिल्हा रायगड. आणि वीज कधी आली माहीत आहे? फेब्रुवारी २०१८. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तो बंद झाला की समोर अख्खी मुंबई लखलखायची आणि आत्याच्या ओटीवर चिमणी. आम्ही पोरं ओटीवर बसून ते दिवे मोजायचो. ज्या रात्री वीज आली त्या रात्री आत्याने घरातला एकही दिवा विझवला नाही, सकाळपर्यंत.

वरच्या वर्गात गेलं की मुलांना शाळेसाठी खाडी ओलांडावी लागते. आजारी माणसालाही बोटीनेच न्यायचं. भरती नसेल, रात्र असेल, तर वाट बघायची. हे पर्यटकाला दिसत नाही कारण तो साडेपाचला निघून गेलेला असतो.

पोर्तुगीजांनी १५३४ च्या तहात हा सगळा मुलूख घेतला आणि आमच्या राजबंदराजवळचा दगडी हत्ती बघून बेटाला एलिफंटा नाव दिलं. ब्रिटिशांनी तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला, तुकडे झाले. आता जोडून भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवलाय. ज्याच्या नावाने जगात बेट ओळखलं जातं तो हत्ती बेटावर नाही. आम्ही घारापुरीच म्हणतो.

विनंती एकच. पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या परत मुंबईला घेऊन जा. आणि काकडी, चिंच, बोरं काय घ्यायचं ते गावातल्या बायकांकडून घ्या. मोळीवाल्या आजी बहुतेक मोराबंदरच्या असाव्यात. त्या बाजूला जंगल दाट, लाकडाला तिथूनच जातात.

---

भीमाकाठ | बुधवार, दुपारी ३:४५

ताई, मी करमाळा तालुक्यातला. बेट म्हटल्यावर मला वेगळंच आठवतं. उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा आमचं जुनं गाव त्यात गेलं. वडील तेव्हा तरणे होते. आता उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उंचवट्याची जमीन बेटासारखी वर येते. दोन वर्षांमागं मे महिन्यात वडलांना घेऊन तिथं चालत गेलो. चिखल वाळून फुटलेला, भेगांत पाय अडकतोय. जोती दिसत होती घरांची. वडील एका जोत्यावर चढले, चुलीची जागा पायानं दाखवली आणि म्हणाले, "इथं माझी आई बसायची." मग बराच वेळ बोलले नाहीत. आजूबाजूला पाण्यात रोहित पक्षी उभे होते, शेकड्यांनी.

पलीकडच्या काठाला पळसदेवचं जुनं देऊळही असंच पाणी उतरलं की उघडं पडतं, ते बघायला लोक गाड्या करून येतात. आमच्या बेटाला नाव नाही आणि तिकीटही नाही. पण पायी फिरलो, म्हणून सांगितलं.

---

तळ्याकाठची | बुधवार, रात्री १०:३०

@भीमाकाठ, दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. वडील आता कसे आहेत? त्यांच्याकडून जुन्या गावाचं घेण्यासारखं सगळं लिहून घ्या, कुणाचं घर कुठे, विहीर कुठे, सगळं. आणि इथे वेगळा धागा काढा, माझ्या धाग्याच्या पोटात ते राहायला नको.

@खाडीपलीकडे, आत्यांच्या ओटीवरच्या चिमणीचं वाचून मला आमच्या घराचं आठवलं. लोड शेडिंगच्या दिवसांत आमच्याही घरी चिमणीच असायची, पण समोर लखलखणारं काही नव्हतं. अंधार सगळ्यांनाच सारखा होता. समोर मुंबई बघत अंधारात बसायचं म्हणजे काय, हे मला आज कळलं.

बाटल्या मी परत आणल्या होत्या.

---

आईसोबत | गुरुवार, सकाळी ९:००

माझी आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात. तिला सदाशिव बघायचाय. जमेल का?

---

खाडीपलीकडे | गुरुवार, सकाळी ९:५०

जमेल. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे. पायऱ्यांना डोली मिळते, खुर्चीला बांबू लावून चौघे नेतात. भाव आधी ठरवा. त्रास होतो तो लाँचमध्ये चढता-उतरताना, कारण लाँच हलते आणि ओहोटीला ती धक्क्याच्या बरीच खाली असते. भरतीची वेळ बघून निघा, म्हणजे उतरताना आईंना पाय उचलावा लागणार नाही.

---

जुळेसोलापूरची | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी ११:१५

जाऊन आले!! आई स्टेशनावर सोडायला आली होती, परत न्यायलाही आली.

ताई, तुम्ही म्हणालात तसं स्तूपाच्या बाजूला सकाळीच गेले आणि टपरीवाल्या वहिनींच्या पुतणीला सोबत घेतलं. ती अकरावीला आहे, त्या दिवशी सुट्टी होती तिला. रोज बोटीने कॉलेजला जाते. तिने मला मोराबंदरपर्यंत नेलं. झाडी खरंच दाट आहे, आणि खाली उतरलं की एकदम शांत, मुंबई इतकी जवळ आहे हे खरं वाटत नाही.

मग दुपारभर गुंफेत होते. दगडफूल सरांनी सांगितलं तसं लग्न आणि वध यांच्या मधोमध उभी राहिले. एकाच बाजूला बघत राहणं अवघड जातं, मान आपोआप वळते. तोफांना गेले नाही, वेळ उरला नाही.

मोळीवाल्या आजी काही भेटल्या नाहीत. पुतणीला खुणा सांगितल्या, अनवाणी, घरी सोलापूरची चादर. ती म्हणाली, तशा तीन-चार आजी आहेत आमच्याकडे. चटणीचे दोन पुडे तिच्याजवळ दिलेत, विचारून पोचवते म्हणाली.